ध्रुवीय प्रकाशाच्या दर्शनास निघण्यापूर्वी

सन २०२४ च्या दिवाळीची सुट्टी संपल्यावर शाळेत पालकसभा भरली. ती आटोपल्यावर निफाड तालुक्यातील एक द्राक्षबागायतदार गृहस्थ आमची वाट पाहत व्हरांड्यात उभे होते. त्यांचे चिरंजीव आमच्या नववीच्या वर्गात असून वडील कन्या बारावीत आहे. सभेत बोलणे झाले ते गुणपत्रकांविषयी. परंतु त्यांनी सदऱ्याच्या खिशातून घडी उलगडून काढले ते गुणपत्रक नव्हे, तर सहली नेणाऱ्या एका मंडळीचे रंगीत पत्रक होते. हिरव्या-जांभळ्या प्रकाशाने भरून गेलेले आकाश, खाली बर्फ, आणि वर ठळक अक्षरांत तीन वाक्ये: नाताळच्या सुट्टीत उत्तर ध्रुवीय प्रकाश, दर्शनाची हमी, ही संधी पुन्हा अकरा वर्षांनी!

"सर," ते म्हणाले, "पोरगा दोन महिने हट्ट धरून बसला आहे. सरांनीच वर्गात दाखविले म्हणतो. खरेच असे दिसते का? चौघांचा खर्च थोरलीच्या इंजिनियरिंगसाठी ठेवलेल्या ठेवीएवढा होतो. मोडू का ठेव?"

हा शेवटचा प्रश्न ऐकून आम्ही वरमलो. कारण मुलाचे म्हणणे खरे होते. त्याच वर्षीच्या जूनमध्ये, शाळा उघडताच, आम्ही पडद्यावर ध्रुवीय प्रकाशाचे एक छायाचित्र दाखवून वर्गास मोठ्या हौसेने सांगितले होते, "पाहा, आकाश असे दिसते." छायाचित्रातील दिसणे व डोळ्यांना दिसणे यांत अंतर असते, हे सांगावयाचे आम्ही विसरलो. आमच्या त्या एका वाक्याची किंमत कोणा मुलीचे शिक्षण होऊ नये, म्हणून आम्ही त्या गृहस्थांस आठ दिवसांची मुदत मागितली. त्या आठ दिवसांत जे वाचले, ताडून पाहिले व मांडले, तेच सर्व विद्यार्थी व पालक यांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे देत आहो.

प्रथम हा प्रकाश म्हणजे काय, ते पाहू. सूर्य आपणांस प्रकाश व उष्णता देतो, हे सर्व जाणतात. परंतु विद्युद्भारित सूक्ष्म कणांचा एक झोतही त्याच्यापासून अखंड बाहेर वाहत असतो. त्यास सौरवात म्हणतात. त्याचा वेग सामान्यतः सेकंदास सुमारे ४०० किलोमीटर असतो. म्हणजे सूर्यप्रकाश जे १५ कोटी किलोमीटरचे अंतर सुमारे आठ मिनिटांत तोडतो, त्यास सौरवातास चार दिवसांहून अधिक काळ लागतो. कधी कधी सूर्यावर मोठा क्षोभ होऊन द्रव्याचा प्रचंड लोट फेकला जातो. तो याहून कितीतरी वेगाने धावतो.

आपली पृथ्वी हा एक मोठा लोहचुंबकच होय. तिचे चुंबकीय क्षेत्र ह्या झोतास बहुतांशी बाजूला सारते. परंतु त्या धक्क्याने ते क्षेत्र सूर्याच्या विरुद्ध अंगास शेपटीसारखे लांब ताणले जाते, व त्यात शक्ती साठत जाते. ती मोकळी होते तेव्हा इलेक्ट्रॉन वेगाने चुंबकीय रेषांवरून खाली उतरतात व वातावरणाच्या वरच्या, विरळ थरांतील अणूंवर आदळतात. ते अणू उत्तेजित होऊन प्रकाश सोडतात. दुकानांवरील निऑनच्या रंगीत पाट्या पेटतात, त्यातलाच हा प्रकार. मात्र येथे काचेची नळी नसून सारे आकाश असते. सुमारे १०० ते १५० किलोमीटर उंचीवरील ऑक्सिजन हिरवा प्रकाश देतो. २०० किलोमीटरच्या वरचा ऑक्सिजन तांबडा देतो. आणि नायट्रोजनपासून निळसर, जांभळी व गुलाबी छटा उमटते. आमच्या जिल्ह्याच्या सीमेवरील कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर उंच आहे. तशी साठ शिखरे एकावर एक रचावी, तेव्हा कोठे ह्या प्रकाशाच्या पडद्याची खालची किनार हातास लागेल!

हे इलेक्ट्रॉन नेमके ध्रुवावर उतरत नाहीत. चुंबकीय ध्रुवाभोवती काही अंतरावर कंकणाच्या आकाराचा एक पट्टा आहे, त्यात उतरतात. नॉर्वे, स्वीडन व फिनलंड यांचे उत्तर भाग, आइसलंड, उत्तर कॅनडा, अलास्का आणि सायबेरियाचा उत्तर किनारा हे ह्या कंकणाखाली येतात. दक्षिण गोलार्धातही असेच कंकण आहे. परंतु ते बहुतेक समुद्रावर व निर्जन हिमखंडावर पडते, म्हणून प्रवासी उत्तरेकडे जातात.

पाश्चात्त्य लोक ह्या प्रकाशास ऑरोरा म्हणतात. ऑरोरा ही प्राचीन रोमन लोकांची अरुणोदयाची देवता, आणि भाषाशास्त्रज्ञांच्या मते हे नाव व आपला 'उषस्' हा शब्द एकाच मुळापासून निघालेले आहेत. लोकमान्य टिळकांनी १९०३ साली प्रसिद्ध केलेल्या 'आर्क्टिक होम इन द वेदाज' ह्या ग्रंथात ऋग्वेदातील उषेची वर्णने ध्रुवप्रदेशातील दीर्घ अरुणोदयाची असावीत, असे प्रतिपादन केले. त्यांचे ते अनुमान विद्वानांत सर्वमान्य झाले नाही. विद्यार्थ्यांनी एवढे मात्र ध्यानात ठेवावे की, तो दीर्घ अरुणोदय क्षितिजाखालील सूर्याच्या प्रकाशाचा असतो, आणि ध्रुवीय प्रकाश हा सर्वस्वी निराळा आहे.

आता कोणी विचारील, हा प्रकाश महाराष्ट्रातून कधीच दिसला नाही काय? ह्याचे उत्तर मोठे मनोरंजक आहे. मुंबईस कुलाबा येथे १८२६ साली वेधशाळा स्थापन झाली, आणि १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाचे वेध घेतले जाऊ लागले. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टन ह्या ज्योतिषाने सूर्यावरील डागांजवळ अकस्मात झळकलेला तेजस्वी प्रकाश पाहिला. अठरा तासही लोटले नाहीत तोच पृथ्वीवर चुंबकीय वादळ उसळले. क्यूबा व हवाई बेटांपर्यंत आकाश रंगले. अमेरिकेत काही तारमास्तरांनी बॅटऱ्या सोडवून नुसत्या तारेत उत्पन्न झालेल्या प्रवाहावर संदेश पाठविले. मुंबईत त्या वेळी दिवस असल्यामुळे आकाशात काही दिसावयाचे नव्हते. परंतु कुलाब्याच्या वेधकांनी आपले काम सोडले नाही. तेथील आडव्या दिशेचे चुंबकीय बल सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरल्याची नोंद त्यांनी केली. मे २०२४ मधील मोठ्या वादळात जगभरच्या वेधांवरून काढलेला घसरणीचा आकडा ४०० च्या आसपास होता, ह्यावरून त्या जुन्या वादळाची कल्पना यावी. आजही त्या वादळाचे मोजमाप सांगताना जगातील शास्त्रज्ञ कुलाब्याच्या ह्याच नोंदीकडे वळतात.

पुढे ४ फेब्रुवारी १८७२ रोजी, रविवारी, तसेच एक मोठे वादळ झाले. त्या रात्री मुंबईस सूर्यास्तानंतर ध्रुवीय प्रकाश दिसू लागला व सोमवारी पहाटे तो अधिक गडद झाला, असे वृत्त ६ फेब्रुवारीच्या टाइम्स ऑफ इंडिया पत्रात आले. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ तो दिसल्याची अशी उदाहरणे फारच थोडी असल्यामुळे संशोधक आजही त्या वृत्ताची चिकित्सा करीत असतात. मुंबईत विजेच्या ट्राम सुरू होणार म्हणून, चुंबकीय वेधांत बिघाड येऊ नये यासाठी १९०४ साली अलिबाग येथे नवी वेधशाळा बांधण्यात आली. तिच्या बांधकामात चुंबकावर परिणाम करणारे साहित्य कटाक्षाने टाळले आहे. दोन वर्षे दोन्ही ठिकाणी बरोबरीने वेध घेऊन मेळ पाहिल्यावर कुलाब्याचे चुंबकीय काम १९०६ साली थांबविण्यात आले. अलिबागचे काम आजतागायत चालू आहे.

आणि १० मे २०२४ च्या रात्री लडाखमधील हानले येथील भारतीय खगोलीय वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी आपल्याच देशाच्या आकाशात तांबडी प्रभा टिपली. हानले सुमारे ४५०० मीटर उंचीवर असून तेथील आकाश अत्यंत काळोखे आहे. ती प्रभा तांबडीच का? तर दुरून पाहताना पडद्याचा अगदी वरचा भाग तेवढा क्षितिजावर डोकावतो, आणि वरचा ऑक्सिजन तांबडा प्रकाश देतो. परंतु असे वादळ सांगून येत नाही. हानलेस जाऊन ते दिसेलच, असे समजणे व्यर्थ होय. हेच छायाचित्र पाहून आम्हांस वर्गात बोलण्याचा उत्साह आला होता!

सारांश, खात्रीने पाहावयाचे तर कंकणाखालीच गेले पाहिजे. आता प्रवासाचा विचार करू.

स्थान. नॉर्वेतील ट्रॉम्सो हे शहर ६९ अंशांहून अधिक उत्तर अक्षांशावर आहे. आमचे नाशिक २० अंशांवर. ज्या गावाचा जो अक्षांश, तितक्याच अंशांवर तेथून ध्रुवतारा दिसतो. हात लांब करून मूठ धरली तर ती सुमारे १० अंश व्यापते. म्हणून नाशिकहून ध्रुव क्षितिजापासून दोन मुठी वर, तर ट्रॉम्सोहून जवळजवळ सात मुठी वर असतो. ट्रॉम्सोच्या किनाऱ्यावरून उबदार सागरी प्रवाह जात असल्यामुळे तेथील थंडी अक्षांशाच्या मानाने सौम्य असते. परंतु त्याच कारणाने ढग व हिमवृष्टीही पुष्कळ. स्वीडनमधील आबिस्को हे लहानसे गाव डोंगरांच्या आडोशास असल्यामुळे तेथे पाऊस कमी व आकाश अधिक वेळा निरभ्र. घाटमाथ्यावर इगतपुरीस धो धो पाऊस आणि सिन्नरास उघडीप, हे पाहणाऱ्या आम्हां नाशिककरांस हा भेद समजावून सांगावयास नको.

काळ. एप्रिलच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत तेथे रात्रीही पुरता अंधार पडत नाही. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत जाणे निरर्थक. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत ट्रॉम्सोस सूर्य उगवतच नाही. दुपारी काही तास संधिप्रकाश तेवढा असतो. नाताळात अंधार भरपूर मिळतो हे खरे, परंतु केवळ अंधाराने काम भागत नाही. चुंबकीय वादळे सप्टेंबर व मार्च ह्या महिन्यांच्या सुमारास, म्हणजे दिवस व रात्र समान होतात तेव्हा, काहीशी अधिक होतात. ह्याखेरीज घरचे पंचांग अवश्य उघडावे. अमावास्येच्या आसपासचे दिवस उत्तम. कारण चांदण्यात मंद प्रकाश बुडून जातो. उत्तरेत डिसेंबरातील पौर्णिमेचा चंद्र तर कित्येक दिवस मावळतच नाही. रात्री ९ पासून २ पर्यंतचा वेळ बहुधा अनुकूल असतो.

भाकीत. सूर्याकडून येणाऱ्या झोताचे नेमके स्वरूप, पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर सूर्याच्या दिशेस असलेल्या यानांना प्रथम कळते. आपले आदित्य-एल१ हे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघून ६ जानेवारी २०२४ रोजी तेथेच स्थिर झाले. त्यावरील सूर्याची अतिनील छायाचित्रे घेणारी दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेने सिद्ध केली आहे. परंतु तेथून पृथ्वीपर्यंत यावयास झोतास सुमारे एक तास पुरतो. म्हणजे पक्की सूचना तासभर आधीची, व दोन-तीन दिवसांचे भाकीत केवळ अदमासाचे. सहा महिने आधी छापलेल्या पत्रकातील हमीची किंमत काय, हे सुज्ञ वाचकांनीच ठरवावे. अशा हमीचा अर्थ बहुधा 'न दिसल्यास आणखी एक फेरी फुकट' इतकाच असतो. विमानाचे भाडे कोणी परत देत नाही. पैसे भरण्यापूर्वी हे लेखी विचारून घ्यावे.

अकरा वर्षे. सूर्यावरील डाग सुमारे अकरा वर्षांच्या फेऱ्याने वाढतात व घटतात. सूर्य ह्या फेऱ्याच्या शिखरकाळात पोहोचला आहे, असे शास्त्रज्ञांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केले. पत्रकातील धाक त्यावरच रचलेला होता. परंतु शिखरकाळाचा लाभ मुख्यतः कंकणाबाहेरच्या, दक्षिणेकडील देशांस होतो. कंकणाखाली तर उताराच्या वर्षांतही निरभ्र रात्री हा प्रकाश वारंवार दिसतो. तेव्हा 'आता नाही तर अकरा वर्षे नाही' ही भीती खोटी होय.

रात्री किती? येथे थोडे अंकगणित उपयोगी पडते. समजा, एखाद्या रात्री आकाश निरभ्र असून प्रकाशही दिसण्याचा संभव तीनांत एक आहे. हा आकडा उदाहरणादाखल घेतला आहे. मग न दिसण्याचा संभव तीनांत दोन. दोन रात्री लागोपाठ न दिसण्याचा संभव नवांत चार, म्हणजे जवळजवळ निम्मा. तीन रात्रींस सत्तावीसांत आठ. आणि सहा रात्री राहिल्यास ७२९ मध्ये ६४, म्हणजे शेकडा नऊच्या आत. ढग एकदा दाटले की दोन-तीन दिवस हटत नाहीत, म्हणून प्रत्यक्षात निराशेचा संभव याहून थोडा अधिक धरावा. तथापि तात्पर्य बदलत नाही. शहरे कमी पाहावी, पण रात्री वाढवाव्या.

कागदपत्रे. नॉर्वे, स्वीडन व फिनलंड ह्या देशांस शेंगेन व्हिसा लागतो. त्याचा अर्ज प्रवासापूर्वी सहा महिन्यांच्या आत व निदान पंधरा दिवस आधी करावा लागतो. शेवटच्या पंधरवड्यावर विसंबून राहू नये. पासपोर्ट दहा वर्षांच्या आतील असावा, व परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने त्याची मुदत शिल्लक असावी. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमाही आवश्यक असतो.

कपडे व कॅमेरा. अंगालगत लोकरीचा पातळ कपडा, त्यावर जाड लोकरीचा, आणि सर्वांवर वारा अडविणारा, असे तीन थर असावे. सुती कपडा घामाने ओला होऊन गारठा वाढवितो, म्हणून तो अंगालगत नसावा. बूट किंचित सैल असावे, म्हणजे जाड मोजे मावतात. थंडीत कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या लवकर उतरतात. जादा बॅटरी कोटाच्या आतील खिशात ठेवावी. तिवई हवीच, कारण काच पाच-दहा सेकंद उघडी ठेवावी लागते. आणि येथेच आमच्या चुकीचे मूळ आहे. कॅमेरा सेकंदानुसेकंद प्रकाश साठवितो. डोळा तसे करीत नाही, व मंद उजेडात त्यास रंगही नीट ओळखता येत नाहीत. म्हणून पुष्कळदा प्रत्यक्ष प्रकाश फिकट, राखी ढगासारखा दिसतो. जोराच्या रात्री मात्र हिरवा रंग स्वच्छ दिसतो आणि पडदे वाऱ्याने हलावे तसे हलतात. ते हलणे कोणत्याही स्थिर चित्रात येत नाही. डोळे अंधारास सरावण्यास वीस-तीस मिनिटे लागतात, तोवर मोबाइल खिशातच असू द्यावा.

आठ दिवसांनी ते गृहस्थ आले; बरोबर मुलगा व मुलगीही होती. आम्ही प्रथम मुलाजवळ आमची चूक कबूल केली. मग पत्रक उलगडले. सहा रात्रींच्या त्या सहलीत चार रात्री निरनिराळ्या राजधान्यांत होत्या, कंकणाखाली दोनच. मुलीने पत्रकाच्या पाठीवर वरचेच गणित मांडले व नवांत चार हा आकडा वडिलांपुढे ठेवला. ते बराच वेळ त्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "सर, मणी भरताना अवकाळी येणार नाही अशी हमी मला आजवर कोणी दिली नाही, आणि मी मागितलीही नाही. मग ह्या ढगांची हमी मी कशी खरी मानली?"

मुलाचे डोळे भरून आले होते. त्याची समजूत आम्ही घालण्यापूर्वीच बहीण म्हणाली, "अरे, जायचे नाही असे नाही, नीट जायचे आहे." मग चौघांनी मिळून बेत आखला. ठेव मोडावयाची नाही. दर वर्षी द्राक्षांचा हिशेब झाला की एक ठरावीक रक्कम निराळी टाकावयाची. बागेस नाताळात सोडून जाणे तसेही कठीण. ऑक्टोबर छाटणी होण्यापूर्वीचा काळच काय तो मोकळा. तेव्हा तीन-चार वर्षांनी, ज्या वर्षी गणपती लवकर असतील त्या वर्षी, विसर्जनानंतर चंद्र क्षीण होत असताना, सप्टेंबरात आबिस्कोस सहा रात्री राहावयाचे. तोपर्यंत सुट्टीत एकदा अलिबागला जाऊन चुंबकीय वेधशाळा निदान बाहेरून तरी पाहून यावयाची. मुलाने डोळे पुसून विचारले, "सर, सप्टेंबरात परीक्षा असते ना?" तोवर तो शाळेतून उत्तीर्ण होऊन गेलेला असेल, हे त्याच्या ध्यानात आल्यावर सर्वच हसले.

बाहेर अंधार पडला होता. त्या वर्षीची थंडी नुकतीच सुरू झाली होती. शाळेच्या पटांगणात उभे राहून आम्ही मुलास हात लांब करावयास लावला. एक मूठ, तिच्यावर दुसरी मूठ. आणि वर एकटा, फारसा तेजस्वी नसलेला ध्रुवतारा. "आबिस्कोस तो किती मुठींवर असेल?" आम्ही विचारले. त्याने क्षणभर विचार करून सांगितले, "अडुसष्ट अंशांवर, म्हणजे सातांना थोडा कमी." उत्तर बरोबर होते. पत्रकाची घडी त्याच्या हातातच होती. ती त्याने वहीत ठेवली, गणिताची बाजू वर करून.